हजार रुपयांत आईसाठी नाताळची भेट: काय घ्यावं, कसं तपासावं

पहिल्या पगारातून किंवा साठवलेल्या पैशांतून आईला नाताळाला काहीतरी द्यायचं ठरलं, की आधी पैसेच कमी वाटतात. खरं तर हजार रुपये कमी नाहीत. त्यांत मोठी वस्तू बसवायला गेलं की फसायला होतं. हजाराचा मिक्सर हा दुकानातला सगळ्यात कमकुवत मिक्सर असतो, पण हजाराची चप्पल चांगल्यातली मिळते. म्हणून नियम एवढाच: लहान प्रकारातली उत्तम वस्तू घ्या, मोठ्या प्रकारातली स्वस्त वस्तू घेऊ नका. इथे दिलेले दर अंदाजाचे आहेत, गावागणिक शंभर-दोनशे रुपये इकडे-तिकडे होतील.

हे सगळं वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर अशा ठिकाणची मराठी ख्रिस्ती घरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, कारण मिस्सा (काथलिक चर्चमधला प्रार्थनाविधी), उपासना आणि फराळाच्या धांदलीवर भेट कधी द्यायची हे ठरतं. वस्तू पारखायचा भाग मात्र कोणालाही उपयोगी पडेल.

पायरी १: विचारू नका, पाहा

"आई, तुला काय हवं?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: "मला कशाला? तुलाच एक शर्ट घे." तेव्हा विचारण्यात वेळ घालवू नका. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात नीट लक्ष ठेवा आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा:

- कोणती वस्तू पिन, दोरा किंवा रबर लावून चालवली जाते आहे?
- शेजारून वारंवार काय मागून आणलं जातं?
- कुठे दुखतं? टाच, गुडघा, मनगट की मान? वाचताना पुस्तक लांब धरते का?
- कोणती वस्तू "चांगली आहे, जपून ठेवू" म्हणत कपाटात गेली? त्या प्रकारची वस्तू अजिबात घेऊ नका. तीही त्याच कपाटात जाईल.

शेवटचा मुद्दा नवखे हमखास विसरतात. काचेचे सेट, शोभेच्या वस्तू, भारी पर्स यांचं बहुतेक घरांत हेच होतं. रोज वापरून झिजलेल्या वस्तूच्या जागी तिच्याहून एक पायरी वरची वस्तू द्या, ती दुसऱ्या दिवसापासून वापरात येते.

अंदाज पक्का करायचा तर मावशीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा. आई जे मुलांना सांगत नाही, ते त्यांना सांगते.

पायरी २: हजाराची फोड

सगळे हजार वस्तूवर घालवू नका. साडीला फॉल-पिको आणि ब्लाऊजची शिलाई लागते, फोटोला फ्रेम लागते. हे वरचे पैसे ठेवले नाहीत तर ते आईच्या पाकिटातून जातात आणि तुमच्या भेटीचा खर्च तिच्याच माथी पडतो. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई बऱ्याच ठिकाणी ३०० ते ६०० रुपये आहे. म्हणजे शिलाईसकट हजारात बसवायचं तर साडी पाचशेच्या आसपासची हवी. नाहीतर आईकडे आधीच असलेल्या ब्लाऊजवर जाईल असा रंग निवडा. हा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा.

भावंडं असतील तर प्रत्येकाने वेगळी छोटी वस्तू आणू नये. तिघांनी सातशे-सातशे काढले तर २,१०० रुपये होतात आणि निवडीचा आवाकाच बदलतो. पैसे एकाकडे जमा करा आणि खरेदीही त्यानेच करावी. तिघं मिळून दुकानात गेलात तर मधलीच, कोणालाच फारशी न आवडलेली वस्तू घरी येते.

चप्पल: सगळ्यात कमी दिली जाणारी, सगळ्यात उपयोगी भेट

दिवसभर ओट्यापाशी, फरशीवर उभं राहून पन्नाशीतल्या बायकांच्या टाचा दुखतात. मऊ तळव्याची, घरात घालायची चप्पल ४०० ते ९०० रुपयांत मिळते. ती भेट म्हणून द्यायची पद्धत नाही, म्हणूनच बहुतेक घरांत ती नसते.

माप चोरून घ्यायचं तर तिची सध्याची वापरातली चप्पल कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा आखा. पण नुसत्या कडेवर विसंबू नका. जुन्या चपलेत टाचेचा आणि अंगठ्याचा दबून खोलगट ठसा पडलेला असतो. टाचेच्या ठशाच्या मागच्या टोकापासून अंगठ्याच्या ठशाच्या पुढच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. ही झाली पावलाची खरी लांबी. दोन्ही चपला मोजून मोठा आकडा धरा, कारण बहुतेकांची पावलं सारखी नसतात. ६, ७ हे नंबर कंपनीगणिक बदलतात, सेंटिमीटर बदलत नाही.

दुकानात चप्पल दोन्ही हातांत धरून वाकवा. ती चवड्याखाली, म्हणजे बोटं जिथून दुमडतात तिथे वाकली पाहिजे. मधोमध दुमडली तर तळवा कच्चा आहे. मग अंगठ्याने टाचेची जागा जोरात दाबा. दबून लगेच वर आली तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर महिन्याभरात तो भाग बसेल आणि टाच पुन्हा दुखायला लागेल. खालची बाजू गुळगुळीत असेल तर ओल्या फरशीवर पाय घसरतो, खाचा खोल हव्यात.

आईला मधुमेह असेल तर अंगठ्याची चप्पल घेऊच नका. मधुमेहात पावलांची संवेदना कमी होऊ शकते, पट्टा घासून जखम झालेली कळत नाही आणि ती बरी व्हायला वेळ लागतो. रुंद, मऊ, वेल्क्रोचे पट्टे आणि मागे टाचेला पट्टा असलेली, एमसीआर (बारीक छिद्रांचं मऊ रबर) तळव्याची चप्पल मागा. औषधांच्या मोठ्या दुकानांत आणि शस्त्रक्रियेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. पायाला आधीच जखम किंवा बधिरपणा असेल तर मात्र गुपित बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारून, तिला बरोबर नेऊनच घ्या. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नेमकी बसलेली चप्पल रात्री घट्ट होते.

बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. चप्पल घरात, स्वच्छ फरशीवरच घालून पाहायची, तळ मळला की दुकानदार परत घेत नाही.

साडी: द्यायची तर २४ तारखेच्या आधी

साडीत सर्वाधिक चूक तारखेची होते. काथलिक आई ती २४ च्या रात्रीच्या मिस्साला नेसणार, प्रोटेस्टंट आई २५ च्या सकाळच्या उपासनेला. झाडाखाली ठेवून २५ च्या दुपारी दिलेली साडी त्या वर्षी कामाची नाही. शिवाय शिंपी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर नाताळाआधीची कामं घेणं थांबवतात. म्हणून साडी आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच देऊन टाका. आश्चर्याचा धक्का बसणार नाही, पण साडी नेसली जाईल.

पाचशे ते आठशेत मिळते ती यंत्रमागाची सुती साडी. त्यात कमीपणा काही नाही. "शुद्ध रेशीम, फक्त ७०० रुपये" असा फलक लागला असेल तिथे मात्र पुढे चालू लागा, खऱ्या रेशमाचा कच्चा मालच त्या भावात येत नाही.

सुती साडी अशी पाहा. एक पदर उजेडासमोर धरा. विण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, मध्येच विरळ पट्टे नकोत. मग कापड दोन बोटांत चुरगाळून घासा. पांढरी भुकटी पडली तर खळ भरपूर घातली आहे, आणि आज जाडसर वाटणारी ही साडी पहिल्या धुण्यात झिरझिरीत होईल. पांढरा रुमाल ओला करून काठावर आणि गडद रंगावर चोळा. रुमालाला थोडा रंग लागला तर पहिले दोन-तीन वेळा साडी वेगळी धुवावी लागेल. भरपूर लागला तर साडी परत ठेवा, गडद काठाचा रंग साडीच्या फिक्या अंगावर उतरेल. "मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग पक्का होतो" यावर भिस्त ठेवू नका, कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

सुताबद्दल शंका असेल तर पदराच्या दशीतला एक धागा काढून घरी जाळून पाहा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही झालं तर मिश्रण आहे. मिश्रण वाईट नसतं, फक्त त्याला सुताचा भाव द्यायचा नाही.

लांबी दुकानातच मोजून घ्या. ब्लाऊजपीस धरून ६.३ मीटर, म्हणजे साडी साधारण ५.५ मीटर आणि ८० सेंटिमीटर ब्लाऊज. स्वस्त साड्या याच्यापेक्षा अर्धा मीटर कमी निघतात आणि मग निऱ्या पडत नाहीत. वसई आणि उत्तर कोकणातल्या काही घरांत आई किंवा आजी अजून लुगडं नेसते. तिथे नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लागेल, आणि ते हजारात बसवायचं तर साधं सुतीच शोधावं लागेल.

फॉल लावायच्या आधी तो रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायला सांगा. तसाच लावला तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. घाईत असलेला शिंपी ही पायरी गाळतो, तेव्हा फॉल घरीच भिजवून, वाळवून, इस्त्री करून त्याच्या हातात द्या.

चादर आणि शाल

नाशिक, अहिल्यानगर, पुण्याकडे डिसेंबरात थंडी असतेच, त्यामुळे सोलापुरी चादर ही सरळ, कधी न फसणारी भेट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी त्या नावाने इतरत्र विणलेला मालही विकला जातो, म्हणून नुसतं "सोलापुरी" ऐकून घेऊ नका. चादरीवर विणलेलं उत्पादकाचं नाव-गाव पाहा, दोन्ही बाजूंनी नक्षी पाहा (एका बाजूचे रंग दुसरीकडे उलटे दिसतात, ती छापलेली नसते) आणि चादर हातात तोलून पाहा. एकाच मापाच्या दोन चादरींत जड ती घ्या.

शालीबाबत एकच: पाचशे रुपयांची "पश्मिना" पश्मिना नसते, ती बहुधा व्हिस्कोस किंवा अ‍ॅक्रिलिक असते. उबेसाठी अ‍ॅक्रिलिक चालतं. दुकानदार तिला काय म्हणतो याचे पैसे मात्र देऊ नका.

जुना फोटो: दोनशे ते सहाशे रुपयांत

आजी-आजोबांचा, आईच्या लग्नाचा किंवा तिच्या शाळेचा एखादा फोटो अल्बममध्ये पिवळा पडत असतो. तो मोठा करून फ्रेम करून देणं हजाराखालच्या सगळ्या भेटींत सरस ठरतं, पण तांत्रिक चुकाही यातच जास्त होतात.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये तो कागदाला धरलेला असतो. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवला तर सुटतो. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅन फोटो स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात करून मिळतं. "६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत" असं स्पष्ट सांगा. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच, कारण डाग काढताना रंगांचा फरक कामी येतो. हिशोब असा: ८ बाय १० इंचांच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके, म्हणजे २,४०० बाय ३,००० ठिपके लागतात. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २,४०० बाय ३,६०० मिळतात, म्हणजे पुरतात. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १,२०० डीपीआय सांगा आणि तरीही ५ बाय ७ च्या पुढे जाऊ नका, चेहरा भुरकट होतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून घेतली तर ती दाबली जाऊन बारीक होते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राइव्ह न्या. स्टुडिओवाला चेहरे गुळगुळीत करून देतो, "तसं नको, फक्त डाग आणि ओरखडे काढा" हे आधीच सांगून ठेवा. गोरं करून दिलेली आजी ओळखू येत नाही.

छपाई मॅट कागदावर घ्या, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड चमकतो. फ्रेम करताना फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट हवी. ती नसेल तर फोटो थेट काचेला टेकतो आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर काचेला चिकटून बसतो, मग सोडवताना फाटतो. मूळ फोटोला लॅमिनेशन कधीही करू नका. ते पुन्हा निघत नाही. फ्रेममध्ये प्रत ठेवा आणि मूळ फोटो कागदी पाकिटात घालून परत करा.

प्रार्थनेच्या वस्तू

मोठ्या अक्षरांचं बायबल ही चांगली कल्पना आहे, पण आवृत्ती पाहा. काथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. चुकीचं घेतलं तर वाचनाला बसलेल्या आईला हवा तो भाग सापडत नाही, किंवा तिच्या मंडळीत वाचतात तो तर्जुमाच वेगळा निघतो. तिच्या सध्याच्या प्रतीचं पहिलं पान मोबाइलमध्ये टिपून दुकानात दाखवा. पान उघडून हातभर अंतरावर धरा. मागच्या पानाची अक्षरं आरपार दिसत असतील तर अक्षर कितीही मोठं असो, चाळिशीचा चष्मा असलेल्या डोळ्यांना त्रास होतो.

जपमाळ काथलिक आईसाठीच. घेताना मणी मोजा: पाच दशकांच्या (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) माळेत क्रूसाकडचे मणी धरून एकूण ५९, त्यांत ५३ लहान आणि ६ वेगळे. स्वस्त माळांत एखादा कमी-जास्त निघतो. तारेच्या कड्या असतील तर नखाने हलकेच ओढून पाहा, फट दिसली तर माळ महिन्याभरात तुटणार. जाड दोऱ्यात गाठी मारून ओवलेली माळ जास्त टिकते. देण्याआधी ती धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून आणा, आईला त्याचं अप्रूप मण्यांपेक्षा जास्त असतं.

वाचणाऱ्या आईसाठी ख्रिस्ती मासिकाची वर्षाची वर्गणी हाही स्वस्त पर्याय आहे. मराठीत ही परंपरा जुनी आहे, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. वर्गणी कुठे भरायची ते चर्चच्या कार्यालयात कळतं. घरी आधीच येत नाही ना, एवढं पाहून घ्या.

स्वयंपाकघरातलं काही?

शक्यतो नको. कुकर आणि कढई घराला लागतात, आईच्या नावावर त्यांची खरेदी दाखवणं बरं नव्हे. अपवाद एकच: ती स्वतः हौसेने केक, करंज्या, कुलकुल करते आणि एखाद्या साधनावाचून तिचं अडतं. मग तेही डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्या, २५ ला फराळ संपलेला असतो.

केकच्या प्रमाणात गोंधळ होत असेल तर एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा चारशे-पाचशेला मिळतो. भांडं घेत असाल तर तिचं जुनं मोजा. सहा इंची गोल भांड्याऐवजी आठ इंची दिलंत तर तळाचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. नेहमीचंच मिश्रण ओतलं की केक पोळीसारखा पसरतो आणि दोष बिचाऱ्या कृतीवर येतो. चकलीच्या सोऱ्यात मनगट दुखणाऱ्या आईला दाबायचा नको, वर मूठ फिरवायचा घ्या.

काय टाळावं

अत्तर, चेहऱ्याची क्रीम आणि खोटे दागिने: पहिल्या दोन्हींत आवड आणि त्वचा कळत नाही, तिसऱ्यातल्या निकेलने अनेकींच्या कानाला खाज सुटते. चष्मा भेट देऊ नका, नंबर तपासल्याशिवाय तो कामाचा नाही. तयार टोपल्या, म्हणजे हॅम्पर, घेणार असाल तर आतल्या पाकिटांवरचं वजन आणि छापील किंमत बेरजेला घ्या. नऊशेच्या टोपलीत अनेकदा चारशेचा माल आणि उरलेलं गवत-रिबन असते.

लाल पानांचं पॉइन्सेटिया देत असाल तर एवढं सांगून द्या: कुंडीवरचा चमकी कागद काढा, त्यात पाणी साचून मुळं कुजतात. माती वरून सुकली की मगच पाणी. फांदी मोडली तर निघणारा चीक अंगाला खाजतो. फेब्रुवारी-मार्चनंतर पानं हिरवी झाली की झाड मेलं असं समजून टाकू नका. पुन्हा लाल व्हायला त्याला दोन महिने, रोज रात्री सुमारे चौदा तास अखंड अंधार लागतो. गॅलरीतल्या दिव्याखाली ते लाल होत नाही.

ऑनलाइन आणि परदेशातून

ऑनलाइन मागवताना परतीची मुदत नाताळाच्या आधी संपते की नंतर, ते पाहा. १ डिसेंबरला आलेल्या वस्तूची सात दिवसांची मुदत ८ ला संपते. वस्तू पाकिटात बंद राहिली तर २५ ला निघालेला दोष तुमच्याच गळ्यात. पार्सल आल्याच दिवशी उघडून, माप आणि शिलाई पाहून, पुन्हा बांधून ठेवा.

आखातात किंवा आणखी कुठे नोकरीला असाल तर तिथून कुरियरने वस्तू पाठवण्याच्या फंदात पडू नका. परदेशातून आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींना असलेली शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली. हजाराच्या वस्तूवर सीमाशुल्क आणि कुरियरवाल्याचा आकार मिळून आईलाच दारात पैसे मोजावे लागतात. त्यापेक्षा भारतातल्याच दुकानातून मागवा, पार्सल शेजाऱ्यांच्या किंवा भावंडाच्या नावाने, त्यांच्याच पत्त्यावर पाठवा, "रोख रक्कम नको, पैसे भरले आहेत" हे त्यांना आधी फोनवर सांगा, म्हणजे आईला आधी कळणारही नाही आणि मिस्साला जाताना दार बंद असल्यामुळे ते परतही जाणार नाही.